एका भाकरीचा दम

११ जानेवारी, रविवार

वही पुन्हा उघडली. तोंड माझं, हात सुनेचा.

आधी हात नातीचा असायचा. तनया मी सांगितलेलं लिहायची, त्यात पदरची चार वाक्यं घालायची आणि वाचून दाखवताना ती माझ्या नावावर खपवायची. गेल्या वर्षी ती मालवणला निघून गेली, तेव्हापासून वही कपाटात होती. मला स्वतःला अक्षर येत नाही. इथे बिबवेवाडीत एकदा मोठ्या बायकांच्या वर्गाला बसवलं होतं मला, पण शिकवायला आलेली मुलगी इतकी बुजरी होती की तिला धीर देण्यातच वर्ग संपला. ती आता मुख्याध्यापिका आहे. माझं तसंच राहिलं.

सून सुहासिनी विम्याच्या ऑफिसात आहे. कोण कशाने गेलं याचे कागद तपासते आणि पैसे द्यायचे की नाही ते ठरवते. त्यामुळे तिला सगळीकडे मरणच दिसतं. गिझरमध्ये, गच्चीच्या कठड्यात, माझ्या रात्रीच्या जिलबीत. आणि हिचीच मुलगी आयटीतली नोकरी सोडून समुद्रात लोकांना स्कुबा शिकवते. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधायचं आणि माशांच्या घरी न बोलावता जायचं, त्याला स्कुबा म्हणतात. निघताना मायलेकींचं वाजलं. ही म्हणाली, "तुला इंजिनिअर केलं ते लोकांना बुडवायला?" ती म्हणाली, "एकदा खाली येऊन बघ, मग बोल." मग कुणीच कुणाशी बोललं नाही. तनयाचा फोन माझ्या मुलाला येतो, अभयला. तो बोलत असला की सुहासिनीला नेमकं त्याच खोलीत काहीतरी पुसायचं असतं.

आज जेवताना ही म्हणाली, मी स्कुबाला नाव घातलंय. अभयचा घास हातातच राहिला. वाघोलीला एका कॉलेजचा पोहण्याचा तलाव आहे, तिथे सलील नावाचा मुलगा शिकवतो. तलावात जमलं तर फेब्रुवारीत मालवणला समुद्रात उतरवतात, आणि उतरवतात ते तनयाच्याच बोटीवरून. नाही जमलं तर नाही नेत. तनयाला कुणी कळवायचं नाही, अशी ताकीद आम्हाला मिळाली आहे.

मी विचारलं, पोहता तरी येतं का तुला? म्हणाली, येतं की, कॉलेजात असताना शिकले. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, एका घरात राहतो, आणि हे मला आज कळतंय.

हे सगळं लिहिताना तिने एकदाही मान वर केली नाही. तेही लिही म्हटलं. लिहिलं.

१३ जानेवारी, मंगळवार

पहिला वर्ग झाला. येऊन तिने मला सगळ्या सामानाची ओळख करून दिली, नवी भांडी दाखवावीत तशी.

डोळ्यांवर आणि नाकावर मिळून एकच काचेचा मास्क, म्हणजे नाकाचं काम बंद. श्वास तोंडाने घ्यायचा. तोंडात रबराचं बोंडलं, त्याला नळी, नळी जाते सिलिंडरला. या बोंडल्याला रेग्युलेटर म्हणतात, मागू तेवढीच हवा देतो. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असेल असं मला वाटलं होतं, हॉस्पिटलात असतो तसा. तर नाही, आपली साधीच हवा, दाबून भरलेली. मी म्हटलं, पुण्याची हवा दाबून भरली असेल तर माणूस समुद्राच्या आधी खोकल्याने जाईल. हसली नाही.

अंगात एक जॅकेट, त्यात हवा भरली की वर तरंगायचं, सोडली की खाली जायचं. पायांत बदकासारखे पंजे. एक काटा, हवा किती उरली ते सांगणारा. आणि कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा. हे मला फार आवडलं. बुडू नये म्हणून शिकायला जायचं आणि तिथे पोहोचल्यावर कमरेला शिसं बांधायचं.

खाली जाताना कान दुखतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं की कान मोकळे होतात. मला हे घरीही उपयोगाचं आहे. अभयचा टीव्ही सुरू असताना मी करून बघणार.

एकट्याने कधीच जायचं नाही, जोडीने जायचं. पाण्यात उतरण्यापूर्वी जोडीदाराचे पट्टे आपण तपासायचे, आपले त्याने. मी म्हटलं, संसारासारखंच. अभय म्हणाला, "आई, संसारात पट्टे कोण तपासतं?"

१८ जानेवारी, रविवार

आज रडवेली आली. मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकातून जोरात हवा सोडून ते बाहेर काढायचं, एवढीच परीक्षा होती. पाणी नाकाशी आलं की ही घाबरते. सलील म्हणाला, घाई नाही, मॅडम. पण घाई आहे. समुद्राची तारीख ठरली आहे. ही तलावातच अडकली तर मालवण राहिलं, आणि मालवण राहिलं तर मायलेकी आपापल्या काठावर तशाच बसून राहतील. दोघी एका मापाच्या हट्टी आहेत. मधे मी आहे म्हणून बरं, पण मी काही कायमची नाही.

तेव्हा मी ठरवलं, मीच शिकवते.

पाण्याचं मला कुणी सांगू नये. आमच्या वस्तीची स्वतःची विहीर होती. गावच्या विहिरीवर आम्हाला पाऊल टाकू देत नव्हते, मग आमच्या माणसांनी स्वतः खणली, आणि आम्ही पोरी तिच्यात गावापेक्षा चांगल्या पोहलो. पाठीला वाळका भोपळा बांधून शिकायचं. भोपळा सुटला की खरी मजा. तळाला टाकलेला खडा वर आणायचा. मी खाली गेले की काठावरच्या बायका कामाला लागायच्या, कारण मी लवकर वर येणार नाही हे त्यांना ठाऊक. दम धरण्यात माझ्यासारखी पंचक्रोशीत नव्हती. सगळी विद्या दमात आहे. पाणी नाकाशी आलं की दम धरायचा, बस.

माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढलं.

२१ जानेवारी, बुधवार

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात वर्ग भरतो. मी भाकरी तव्यावर टाकते, ही घंगाळात तोंड घालते. भाकरी उलटली तरी वर यायचं नाही, फुगली की यायचं. पहिल्या दिवशी पीठसुद्धा ओलं दिसत होतं तेवढ्यात वर आली. आज पूर्ण भाकरी झाली. मला इतका आनंद झाला की दुसरी करपली.

अभयला करपलेली दिली. तोही काही बोलला नाही. या घरात दम सगळ्यांचाच चांगला आहे.

२५ जानेवारी, रविवार

लिहायला नको म्हणत होती. मी म्हटलं, माझी वही आहे.

आज तलावाच्या खोल बाजूला बसवलं होतं. तिथे तोंडातला रेग्युलेटर काढायचा, पुन्हा तोंडात घालायचा. हिने काढला आणि शिकल्याप्रमाणे दम धरला. रेग्युलेटर खांद्यामागे गेला, हाताला लागेना. ही घाबरली आणि ओठ घट्ट मिटून सरळ वर निघाली. सलीलने वाटेतच जॅकेट पकडलं, तिच्या पोटावर थापट्या मारल्या, तेव्हा हिने हवा सोडली. वर आणल्यावर बसवून ठेवलं, मग डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती पुढून मागून ऐकली. सगळं ठीक आहे. मी तिला गवती चहा दिला आणि बोलले नाही, म्हणजे किती घाबरले असेन ते समजा.

सलील म्हणाला, असंच राहिलं तर समुद्रात नेता येणार नाही.

त्या मुलाचं मला काही कळत नाही. एवढा दम धरते बाई, त्याला कौतुक नाही. परवा मी स्वतः जाऊन विचारणार आहे. उद्या सव्वीस जानेवारी, विहारात झेंडा आहे, उद्या जमायचं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

गेले. अभयने गाडी काढली. वाघोलीपर्यंत जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मालवण आलं असतं.

सलील तिशीचा असेल. मला खुर्ची दिली, जय भीम आजी म्हणाला. सगळं चांगलं. मी म्हटलं, तू माझ्या सुनेला नापास करणार म्हणे.

"नापास नाही, आजी. पण पाण्याखाली श्वास थांबवायचा नाही, हा आमचा पहिला नियम. यांना दम धरायची सवय लागली आहे. कुठून लागली कळत नाही, पहिल्या दिवशी नव्हती."

मी सुहासिनीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. तिने माझं नाव सांगितलेलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही.

मी म्हटलं, श्वास नाही थांबवायचा तर काय पाणी प्यायचं? आम्ही विहिरीत दम धरूनच जायचो, कुणी मेलं नाही. तर तो वाद घालत बसला नाही. एक प्लास्टिकची पिशवी घेतली, सामान लावून तलावाच्या तळाला गेला, तिथे आपल्या नळीतली हवा पिशवीत गच्च भरली, तोंड दोऱ्याने बांधलं आणि सोडली. मी काठावर वाकून बघत होते. पिशवी वर येताना टम्म होत गेली आणि पाण्याबाहेर यायच्या आतच फाटली. फट्‌ असा आवाज आला. मी खुर्चीत मागे सरले.

तो वर आल्यावर मी विचारलं, रिकामी पिशवी इथे वरच भरून खाली नेली असती तर? म्हणाला, खाली जाताना आक्रसली असती, वर येताना पुन्हा होती तेवढी झाली असती. फाटली नसती.

मग मला समजलं. विहिरीत आम्ही वरची हवा घेऊन खाली जायचो. ही खालची हवा घेऊन वर येते. खालची हवा पाण्याने दाबलेली, वर येईल तशी ती पसरते, आणि ओठ मिटलेले असले तर पसरणार कुठे, छातीतच. परवा माझ्या सुनेच्या छातीत ती पिशवी होती. आणि ती तिथे कुणी ठेवली, ते लिहू नको. लिहिलंस? असू दे.

सलील म्हणाला, "तोंडात नळी नसली की बारीक हवा सोडत राहायची. गुणगुणलं तरी चालतं. मी खाली फक्त बुडबुडे बघत असतो, आजी. बुडबुडे दिसतायत तोवर मला काळजी नसते. थांबले की मी धावतो."

अजून एक रविवार देतो म्हणाला. येताना गाडीत अभयने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

२८ जानेवारी, बुधवार

घंगाळ पुन्हा काढलं. आता उलटी शिकवणी. तोंड पाण्यात आणि हवा सोडत राहायची. हिला गुणगुणता येईना. लाज वाटते म्हणाली. आणि सवय अशी चिवट, की तोंड पाण्यात गेलं की ओठ आपोआप मिटतात. दोन भाकऱ्या झाल्या, एक बुडबुडा नाही.

मी म्हटलं, गाऊ नकोस. मला बोल. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याला तू एकदाही उलट उत्तर दिलं नाहीस. कधीतरी वाटलंच असेल ना काही? ते पाण्यात बोल. मला ऐकू येणार नाही आणि तुझा श्वास अडणार नाही. दोघींचं काम होईल.

"काहीतरीच काय, आई," म्हणाली. पण तोंड घातलं. आधी एक बारीक बुडबुडा आला, मग दोन, मग घंगाळ असं उकळायला लागलं की पाणी ओट्यावर सांडलं. वर आली, श्वास घेतला आणि मी काही सांगायच्या आत पुन्हा गेली. भाकरी झाली, दुसरी झाली, बुडबुडे थांबेनात.

एवढं काय साठलं होतं कोण जाणे. ऑफिसचं असेल.

१ फेब्रुवारी, रविवार

जमलं. मास्कमधलं पाणी काढलं, रेग्युलेटर काढला, घातला, बुडबुड्यांची माळ अखंड. सलील म्हणाला, मॅडम, आता मालवण. अभयने येताना मटण आणलं. बायकोचं कौतुक याला मटणातच करता येतं.

हाताच्या खुणाही पाठ झाल्या. अंगठा वर केला म्हणजे छान नाही, वर जाऊ या. छान असलं तर अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचा. जेवताना मी अंगठा दाखवला, भाजी चांगली झाली म्हणून, तर ही ताटावरून उठलीच.

शनिवारी बुडी आहे. हिने परतीच्या बसचं तिकीट शनिवारी रात्रीचंच काढलं आहे. बाकीचे रविवारी निघणार. मी म्हटलं, एवढ्या लांब जाऊन लेकीच्या घरचा चहासुद्धा नको? म्हणाली, बोलावलंय कुणी?

७ फेब्रुवारी, शनिवार

आज हात अभयचा. अक्षर मोठं काढतो, वही लवकर भरेल.

सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. तांदूळ दोनदा निवडले. अभय पेपर वाचत बसला होता, पण पान एकच. दुपारी फोन वाजला तेव्हा आम्ही दोघे एकदम उठलो आणि धडकलो.

फोन सुहासिनीचा. खाली गेले, वर आले, बरी आहे, असं तिने आधी सांगितलं. विम्यात असल्यामुळे मुख्य मुद्दा आधी. मी फोन ओढून घेतला. म्हटलं, तनया?

ती म्हणाली, बोटीवर तनया पाठमोरी सिलिंडर लावत होती. वळली, मला बुडीच्या काळ्या पोशाखात बघितलं. सलीलला म्हणाली, यांची जोडीदार मी. मग माझा एकेक पट्टा ओढून बघितला. शाळेत जाताना मी तिच्या दप्तराचे बघायचे तसा.

"आणि खाली?"

"खाली माझा कान दुखला तर माझ्या आधी तिला कळलं, आई. थांबली, नाक धरून दाखवलं. स्वतःच्या आधी माझा काटा बघत होती. घरात साधा पेला न सांडता उचलत नाही ही, आणि खाली एक बोट उगाच हलवत नाही. मासे खूप होते. मी बघितले नाहीत फारसे."

मी विचारलं, बोललात का? म्हणाली, पाण्याखाली बोलता येत नाही. खुणेने ठीक आहेस का विचारलं तिने. मी गोल दाखवला. मग मी विचारलं. तिनेही दाखवला. पुन्हा पुन्हा विचारत होतो.

आणि आता बातमी. आज रात्री निघता येणार नाही. खाली असताना दाबाखालची हवा अंगात मुरते, ती सावकाश निघून जाते. तेवढ्यात घाट चढून उंचावर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं रक्तात होतं. सलीलने तिकीट रद्द करायला लावलं. रात्री तनयाच्या खोलीवर राहणार. काय करणार बिचारी, नियम आहे.

जेवले. झोप येईल आता.

९ फेब्रुवारी, सोमवार

सलील आणि बाकीचे काल निघून आले. सुहासिनी आली नाही. फोनवर म्हणाली, अजून घाट चढवत नाही, आई. ऑफिसलाही तसंच कळवलं आहे.

मला काळजी लागली. हवा किती मुरली असेल बाईच्या अंगात. अंगानेही बारीक, जायला जागा नाही. मी अभयला म्हटलं, सलीलला विचार. सलील फोनवर म्हणाला, एक रात्र थांबलं की पुरतं, आजी, पण मॅडमच्या बाबतीत थोडा जास्त वेळ लागेल असं वाटतं. हे त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं. अभय मात्र लिहिताना हसतोय. बायको तिकडे सोड्याच्या बाटलीसारखी अडकली आहे आणि हा हसतोय.

संध्याकाळी मी फोन लावायला लावला. उचलला तनयाने, पण माझ्याशी बोलायच्या ऐवजी मागे वळून ओरडत होती की सोलकढीत एवढं मीठ कोण घालतं. मागून हिचा आवाज, तुझ्या बापाच्या घरी असंच खाल्लंस तू वीस वर्षं. मग दोघी एकदम बोलायला लागल्या. मला कुणी विचारलंच नाही.

मी फोन ठेवायला सांगितला. भांडतायत. छातीवरचा शिशाचा पट्टा उतरला.

तरी ती हवा कधी उतरणार, ते डॉक्टरला विचारायला हवं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आली. बरोबर तनया, चार दिवसांसाठी. दोघींची नाकं उन्हाने सोललेली, मास्कचे वळ दोघींच्या गालांवर सारखेच. अभय घाईघाईने मटण आणायला गेला.

हात आज सुनेचा. मी सांगितलं, लिही, सून समुद्राच्या तळाला जाऊन आली, तरी भाकरी अजून वाकडीच थापते.

पेन खाली ठेवलं तिने.

"आई, हे मी लिहिणार नाही. माझी भाकरी पहिल्या दिवसापासून गोल आहे. तुमचा चष्मा वाकडा आहे."

स्वयंपाकघरात तनयाच्या हातून काहीतरी पडलं. छत पडलं नाही. सुहासिनी माझ्याकडे बघत होती, मान वर करून.

मी म्हटलं, घंगाळात बोललीस ते हेच होतं?

"त्यातलं पहिलं."

"आणि बाकीचं?"

तिने पेन उचललं. "येईल हळूहळू, आई. एकदम वर यायचं नसतं."

हे सगळं तिनेच लिहिलं आहे, मी सांगितलं तसं. वाचून दाखव म्हटलं, वाचलं. पदरचं काही घातलं नाही, फक्त भाकरीच्या वाक्यावर रेघ मारली आहे.

मारू दे. बुडबुडे दिसतायत.